दर दसऱ्याला एक फूट

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
३ ऑगस्ट २००३

नाही. हात लावणार नाही म्हणजे नाही लावणार. पान्याने नाही, स्क्रूड्रायव्हरने नाही, आणि तुम्ही फोनवर तीन वेळा 'नुसता बघ्या' म्हणालात म्हणून तर अजिबातच नाही.

मामा, तुम्ही माझ्या आईचे सख्खे भाऊ. पस्तीस वर्षं गाड्या खोलल्यात, आधी ग्रँट रोडला टॅक्सीवाल्यांच्या, मग लांज्याला हायवेवर स्वतःच्या गॅरेजमध्ये. मान्य. पण 'जुन्या गाडीवर प्रेम असेल तर बाह्या वर कर, नाहीतर गप्प बस' हे कुठल्या कायद्यात लिहिलंय? आमच्या वरच्या मजल्यावरच्या दळवींना गाणं आवडतं. त्यांना कोणी सांगतं का, की आधी पेटी खोलून परत जोडून दाखवा?

मला जुन्या गाड्या बघायला आवडतात. दुरुस्त करायला नाही, चालवायलाही नाही. माझी नोकरीच बघायची आहे. बी.कॉम. करून ठेकेदाराकडे विजेच्या मीटरचे आकडे टिपत फिरतो, मीटर कोण दुरुस्त करायला सांगतं मला? तसंच फिरताना मे महिन्यात राई गावात गेलो, खाडीच्या बाजूला, आणि एका अंगणात ती उभी. डुक्कर फियाट. छप्पन्न सालची. पुढचे दरवाजे उलटे उघडणारे, नाक डुकरासारखं फुगलेलं. डाव्या हेडलाइटच्या काचेआड कुंभारमाशीने घर केलंय. पत्र्यावर रंगाचे तीन थर दिसतात: वर पांढरा, तो सुटलाय तिथे निळा, निळा सुटलाय तिथे मूळचा राखाडी. आता तुम्ही म्हणणार घासून काढ आणि नवा मार. नाही मारणार. नवा मारला की ते तीन थर गेले.

मालकीण आहे सरूबाई, सत्तरीची. दर रविवारी जातो, तिच्या ओट्यावर बसतो, बघतो. ती आधी मला चोर समजली, मग बिल्डरचा माणूस, आता चहा देते.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून हे सगळं लिहून. नमस्कार सुरुवातीला राहिला. मामीला आणि समिधाला सांगा.

निकेत


लांजा
१२ ऑगस्ट २००३

चि. निकेत यास आशीर्वाद.

पत्र समिधा लिहितेय, मी सांगतोय. माझे हात ग्रीसचे आहेत, कागद खराब होतो.

दळवींची पेटी मध्ये आणू नकोस. पेटी वाजते. तुझी गाडी वाजते का? उभी गाडी म्हणजे मढं. मढ्याच्या समोर बसून चहा पिणारा माणूस मी आमच्या खानदानात पहिला बघतोय. तुझ्या आईला विचारलं, मुलगा रविवारी कुठे जातो. म्हणाली, मुलगी वगैरे असेल. मी म्हटलं, आहे, छप्पन्न सालची.

ऐक. वर्षानुवर्षं उभी असेल तर तिचं इंजिन केव्हाच जाम झालंय. ब्रेकचे ड्रम चाकाला चिकटलेत. बेअरिंगा गेल्या. तू जे बघतोयस तो नुसता पत्रा आहे. गंज बघायचा असेल तर आमच्याकडे ये, लांज्याच्या पावसात मोफत मिळतो.

मी आलो असतो तर आठ दिवसांत तिला हायवेवर पळवली असती. पण कामं आहेत. तू निदान झाकण तरी उघड. इंजिन बघायला तरी मनाई नाही ना तुझ्या धर्मात?

मामी म्हणते, जेवण वेळेवर कर.

तुझा मामा,
दत्ताराम

(दादा, बाबा हे सगळं ओरडून सांगतायत. पलीकडचे दवाखानेवाले बाहेर येऊन बघून गेले. – समिधा)


सिल्व्हर पार्क
२० ऑगस्ट २००३

ती. मामांस नमस्कार.

समिधाचं अक्षर छान आहे पण मला तुमचं हवं होतं. तुमचा तो लंगडा 'र' बघून हसायला येतं. रागावलात का माझ्यावर? ग्रीसचं कारण मला पटलेलं नाही, याआधीची पत्रं काय तूप लावून लिहायचात?

झाकण सरूबाईने उघडलं, मी नाही. आत एक कोंबडी होती. बाकी काय होतं ते मला नावानिशी सांगता येणार नाही, पण रांगेत चार वायरी होत्या आणि सगळ्यावर बारीक धूळ, पिठाची असते तशी.

आता गंमत ऐका. मी दोन-तीन रविवार विचार करत होतो की ही गाडी अशी अंगणाच्या मध्येच का उभी आहे. भिंतीला लावलेली नाही, छपराखाली धड नाही. तर सरूबाईने सांगितलं. तिचा नवरा हरिश्चंद्र मिठागरवाल्या शेठचा ड्रायव्हर. शेठ धंदा बंद करून गेला तेव्हा गाडी याला देऊन गेला. हरिश्चंद्र चौऱ्याऐंशी साली वारला. तेव्हा गाडी पार मागे, परसाच्या भिंतीला टेकून होती. त्या वर्षीचा दसरा आला. दसऱ्याला गाडीची पूजा आलीच. हळदकुंकू, झेंडूचा हार, चार चाकांखाली चार लिंबं. पण लिंबं चिरडायला गाडी पुढे जायला हवी, आणि चालवणारा तर गेला. मग तिने आदल्या दिवशी सायकलवाल्याकडून चाकांत हवा भरून घेतली, दसऱ्याला गल्लीतली माणसं बोलावली, स्वतः स्टिअरिंग धरून बसली आणि ढकलायला लावली. एक फूट. लिंबं फुटली. संपलं.

दुसऱ्या वर्षी परत. एक फूट. मामा, एकोणीस दसरे झाले. आणि कोणी एकदाही गाडी मागे नेऊन ठेवलेली नाही.

मी विचारलं, "आजी, पूजा झाली की परत मागे का नाही ढकललीत?"

तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच कोंबडी आहे. "दसऱ्याला सीम ओलांडतान, पोरा. ओलांडून मागारी कोन येतं? गाडी मागारी न्हाय न्यायाची."

"दसऱ्याला नको. दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिशी काय सीम बदलते?"

त्यामुळे गाडी चालत आलीय. अंगणात शेवगा होता, तो आड आला, तोडला. तुळस उचलून बाजूला नेली. खुराडं दोनदा हललं. डोक्यावरचं छप्पर तिच्या मागोमाग सरकवत आणलं, पण ते दोन वर्षं मागे पडलंय म्हणून नाक उन्हात आणि ढुंगण सावलीत. आता नाक फाटकाला एक फूट कमी. या दसऱ्याला ती रस्त्यावर येणार. मी म्हटलं, मग काय करणार? म्हणे, मंग बगू.

आणि हो, लिंबं ठेवायच्या आधी ती पुढून ते वाकडं हँडल घालून पाच फेरे मारते, हरिश्चंद्र मारायचा म्हणून. प्रदक्षिणेसारखं.

याला तुम्ही मढं म्हणता?

निकेत


लांजा
२८ ऑगस्ट २००३

चि. निकेत,

हँडलचे पाच फेरे, दरवर्षी, आणि हे तू शेवटच्या दोन ओळींत लिहितोस? त्या कोंबडीचं आधी?

हँडल फिरतं म्हणजे इंजिन जाम नाही. चाकं दरवर्षी एक फूट फिरली म्हणजे ड्रम चिकटलेले नाहीत. लोकांनी चादरी घालून गॅरेजमध्ये जपलेल्या गाड्या मी छिन्नी मारून सोडवल्यात, आणि ही बाई लिंबावर गाडी जिवंत ठेवते. तिला कळतं तरी का तिने काय केलंय? सांगू नकोस. नाहीतर माझ्या धंद्यात उतरेल.

मी मढं म्हणालो ते मागे घेतो. तुला बघ्या म्हणालो ते घेत नाही. ती बाई निदान हँडल मारते.

गणपतीला ये. रविवारी चतुर्थी आहे, पाच दिवसांचा आहे आपला. घरीच ये सरळ, गॅरेजवर उतरायची गरज नाही, सणात शटर बंदच असतं. आलास की त्या गाडीबद्दल सगळं परत तोंडी सांग. कानाशी बसून सांगितलंस तर ऐकू येतं.

रागावलो वगैरे काही नाही. समिधाला अक्षराचा सराव व्हावा म्हणून.

दत्ताराम

(दादा, मी बारावीला आहे. मला कसला सराव? – समिधा)


सिल्व्हर पार्क
१४ सप्टेंबर २००३

ती. मामांस नमस्कार.

गणपतीला आलो नाही त्याबद्दल आईने मला आठ दिवस ऐकवलंय, तुम्ही थोडंच ऐकवा. ठेकेदाराने सुट्टी दिली नाही हे खरं. पण दिली असती तरी मी कदाचित आलो नसतो, हेही खरं.

सरूबाईच्या दिरांनी जागा बिल्डिंगला दिली. सगळ्यांच्या सह्या झाल्या, हिचीही झाली, रडारड वगैरे नाही. दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळणार, तोपर्यंत जवळच एक खोली. ती म्हणते, "लाद्या हायत म्हंतान. सारवाया नको." पण अंगण दसऱ्यानंतर मोकळं करून द्यायचंय. फ्लॅटला लिफ्ट आहे, फियाट तिच्यात मावत नाही.

मग मी आमच्या सोसायटीत विचारलं. सेक्रेटरी हंसाबेन. त्यांनी चष्मा लावून नियम काढला: जी गाडी स्वतःच्या इंजिनवर गेटमधून आत येईल तिलाच पार्किंग. मी म्हटलं, ढकलत आणतो, आवाज नाही, धूर नाही, याच्यापेक्षा चांगली गाडी कुठली? म्हणाल्या, "निकेतभाई, आज तमारी आवशे, काले बध्धा भंगार लावशे."

आणि तिसरं म्हणजे साहिल. माझ्यासोबत कॉलेजला होता, भाईंदर पूर्वेला राहतो, लग्नाच्या गाड्या सजवून देतो. मीच मूर्खासारखा त्याला एका रविवारी दाखवायला नेलं. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "भाई, छत काट देंगे, लाल-गोल्डन कलर, पीछे सोफा. तेरी बुढिया को हिरोईन बना दूंगा." साहिल वाईट नाही. त्याच्याकडे जागा आहे आणि त्याला गाडी हवीय. सरूबाई विचार करते म्हणाली.

छत कापणार, मामा.

म्हणून लिहितोय. तुम्ही या. मी नाही लावणार हात, मला येतही नाही, पण तुम्ही लावा. हंसाबेनच्या गेटमधून दहा फूट स्वतःच्या इंजिनवर आत आली की झालं. तुम्हीच म्हणालात आठ दिवस. मी सुट्टी टाकतो, पाने उचलून देतो, चहा देतो, शिव्या खातो. फक्त या.

निकेत


लांजा
२० सप्टेंबर २००३

चि. निकेत,

जमणार नाही. गॅरेजमध्ये आठ गाड्या उभ्या आहेत. दोन तर दिवाळीच्या आत द्यायच्यात. धंदा टाकून मी दुसऱ्याची गाडी बघायला दोनशे मैल येऊ काय?

तिकडे कोणी चांगला मिस्त्री बघ. किंवा त्या मुलाला देऊन टाक. छत कापलं म्हणून गाडी मरत नाही.

दत्ताराम


सिल्व्हर पार्क
२४ सप्टेंबर २००३

मामा,

तीन मिस्त्री बघून झाले. एक म्हणाला महिना लागेल, एक म्हणाला पार्ट मिळत नाहीत, तिसरा हसला. तुमच्याकडून मला चौथं उत्तर हवं होतं, जाऊ दे.

'छत कापलं म्हणून गाडी मरत नाही' हे तुम्ही बोललात यावर माझा अजून विश्वास नाही. समिधाने मनाचं लिहिलं असेल तर तिचे कान पिळा.

गाडी साहिलला द्यायचं ठरलं. सरूबाईने पैशांचं विचारलंच नाही. एकच अट: दर दसऱ्याला लिंबं ठेवायची, आणि गाडी कधी मागारी न्यायची नाही. साहिल मान डोलावून मोकळा झाला. दसऱ्याला पाच तारखेला ट्रक घेऊन येतोय, रविवारच आहे. फाटकासमोर ट्रक लावायचा, फळ्या टाकायच्या, लिंबं चिरडून गाडी सरळ पुढे ट्रकवर चढवायची.

इथपर्यंत ठीक. पण मी काल आडवा झालो आणि माझ्या लक्षात आलं: नाक पुढे करून चढवलेली गाडी उतरवताना मागेच येणार. ट्रकला पुढून दार नसतं. म्हणजे तिकडे पोहोचल्याबरोबर वीस वर्षांत पहिल्यांदा ती मागे जाणार. साहिल म्हणतो, "आजी को क्या दिखेगा, वो तो राई में बैठी होगी." मला दिसेल ना.

तुम्हाला वेळ नाही हे कळलं. आठ गाड्यांच्या मधून पाच मिनिटं काढून एवढंच सांगा, की यावर काही उपाय आहे का.

निकेत


लांजा
२८ सप्टेंबर २००३

चि. निकेत,

उपाय आहे. तुझं डोकं उलटं चालतंय. गाडी उतरवू नकोस. ट्रक काढून घे.

दोन लांब जाड फळ्या घे, वरची टोकं ट्रकच्या फाळक्याला साखळीने बांध, खालची टोकं जमिनीवर घासत येऊ देत. गाडीच्या मागच्या अॅक्सलला दोरखंड बांध आणि तो मागे एखाद्या झाडाला आवळ. नारळ चालेल, पोफळ नको. मागून आठ माणसं गाडीला छाती लावून उभी कर. आता ट्रक अगदी चालत्या माणसाच्या निम्म्या वेगाने पुढे. गाडी पुढे जाऊ नये म्हणून दोरी, मागे येऊ नये म्हणून माणसं. गाडी जागची हलत नाही. तिच्या पोटाखालून ट्रक निघून जातो, फळ्या निघून जातात, आणि ती सरळ खाली येते, जशी पाण्याची पातळी उतरली की होडी खाली येते. जमिनीवर टेकली की आपोआप तोंड पुढेच. बाईला सांग, मागारी एक बोट गेली नाही.

समिधाला हे समजावून सांगून मी दमलो, तिला ट्रकचं तोंड कुठे आणि ढुंगण कुठे कळत नाही. म्हणून चित्र मीच काढलंय, सोबत जोडतोय. ते बघून कर. घाई करू नकोस. फळ्या साखळीने दोनदा तपास.

दत्ताराम

[याच पाकिटात, वहीचं फाडलेलं पान]

दादा,

बाबांना न सांगता घालतेय. तू बाबांवर चिडलायस ते कळलं, म्हणून.

गॅरेजमध्ये एकही गाडी नाही. होळीपासून बंद आहे. बाबांचा उजवा हात हलतो, आता डावा पण थोडा. डॉक्टर म्हणाले कंपवात. पान्याच्या तोंडात नट बसेना म्हणून एके दिवशी सगळे पाने त्यांनी त्यांच्या हाताखालच्या गणेशला देऊन टाकले. आत्याला म्हणजे तुझ्या आईला कळवायचं नाही अशी शपथ घातलीय आम्हाला. मी शपथेत फक्त आत्याचं नाव होतं असं धरते.

रोज सकाळी नऊला शटर उघडून रिकाम्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसतात, एक वाजता बंद करून जेवायला येतात. आई म्हणते, बसू दे.

तुझं लिंबांचं पत्र त्यांनी माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. ते 'छत कापलं म्हणून' मी मनाचं लिहिलेलं नाही, ते खरंच म्हणाले, आणि मग जेवले नाहीत. चित्र काढायला पूर्ण दुपार लागली. तीन कागद फाडले.

समिधा


राई, फाटकाबाहेर
५ ऑक्टोबर २००३, दसरा

ती. मामांस,

आमच्या मजल्यावरचा एक मुलगा आज संध्याकाळच्या एसटीने राजापूरला जातोय. तो उद्या पहाटे लांज्याला उतरून हे तुमच्या हातात देईल. आम्ही दुपारपर्यंत येतो. आम्ही म्हणजे मी, साहिल, सरूबाई आणि गाडी. 'नाही' म्हणायला तुमच्याकडे पोस्टाचा वेळ शिल्लक नाही, मुद्दामच.

काय झालं ते पटकन लिहितो. ट्रकच्या फाळक्याला वही टेकवून लिहितोय, अक्षर सांभाळून घ्या.

सकाळी साहिल ट्रक घेऊन आला. पूजा झाली. हार घातला, हँडलचे पाच फेरे झाले, चार लिंबं ठेवली. साहिल इमानदार पडला, हाच घोटाळा. सरूबाईला सगळ्यांसमोर म्हणाला, "आजी, एक बात क्लिअर कर देता हूं. मंडप के सामने पार्किंग में रिव्हर्स तो लगाना पडेगा. शादी में कितना पब्लिक होता है." सरूबाई आधीच स्टिअरिंगवर बसलेली. तिने तो उलटा दरवाजा उघडला, खाली उतरली आणि म्हणाली, "मंग न्हाय."

साहिल म्हणाला, थोडासाच. ती म्हणाली, न्हाय. तिचे दीर म्हणाले, वहिनी, उद्या अंगण द्यायचंय. न्हाय. पंधरा माणसं बाह्या वर करून उभी, ट्रक दारात, लिंबं चाकाखाली, आणि बाई ओट्यावर जाऊन बसली.

मी तिच्याशेजारी जाऊन बसलो. तुमचं चित्र माझ्या खिशात होतं, ते तिला दाखवलं. ट्रक, गाडी, नारळ, आठ माणसं. मामा, त्या चित्रात एकही रेघ सरळ नाही. ट्रक थरथरतोय, दोरी थरथरतेय, माणसं तर थंडी वाजल्यासारखी. समिधाने काहीही सांगितलं नसतं तरी मला कळलं असतं. तिला रागावू नका.

सरूबाईने चित्र खूप वेळ बघितलं. वाचता येत नाही तिला, पण हे वाचलं. म्हणाली, "ह्ये कोनी काडलं?"

"माझ्या मामाने."

"हात हालतो त्याचा?"

"हो."

"गाडी मागारी जाऊ न्हाय म्हनून काडलं ह्ये सगलं?"

"हो."

"त्याचे हितं जागा हाय?"

मी म्हटलं, आहे. गॅरेज आहे, छप्पर आहे, मागे नारळ आहे. तशा आत आठ गाड्या आहेत, पण त्या सरकतील. (सरकतील ना, मामा?)

"हँडल कोन मारील?"

"माझी मामेबहीण आहे. बारावीला."

यावर ती उठली, आत गेली आणि पिशवी भरायला लागली. म्हणाली, जागा बघितल्याबिगर देनार न्हाय, चार दिस ऱ्हाईन. तेव्हा मामीला सांगा, एक माणूस वाढीव आहे, मासे आणलेत तिने, सुके. साहिल म्हणाला ट्रक तर परवापर्यंत माझ्याकडेच आहे, डिझेल टाक, मीच चालवतो, त्याला हायवेवर चालवायला आवडतं. छत कापायचं राहिलं म्हणून थोडा रुसलाय. पनवेलला वडापाव दिला की बोलेल.

मग ढकलली. सरूबाई स्टिअरिंगवर. लिंबं फुटली, आणि या वेळी एक फुटावर कोणी थांबलं नाही. फाटकातून बाहेर, फळ्यांवर, वर. चाकं अशी फिरली मामा, जराही कुरकुर नाही, तुम्ही म्हणाला होतात तसंच. मीही ढकलत होतो. माझे दोन्ही हात तिच्या पत्र्यावर होते. हे मी लिहिणार नव्हतो, पण बाकीचे सांगतीलच.

आता अटी. एक, आईला मी काही बोललेलो नाही, तुम्हीच सांगायचं, या महिन्यात. दोन, गाडी खोलायची नाही. गणेशला बोलावून पण नाही. रंग नाही, कुंभारमाशीचं घर तसंच राहील. तुम्ही रोज नऊ ते एक स्टुलावर बसता, तर आता समोर ती असेल. बघायचं. मला माहितीय तुम्हाला सवय नाही, पहिले दोन-तीन रविवार फार कंटाळा येतो, तुमचे डोळे पार्ट शोधत फिरतील. मग एक दिवस पांढऱ्याखालचा निळा दिसतो.

तीन. मला आता दर रविवारी ती दिसणार नाही. राई ते लांजा काय मीटर टिपायला जाता जाता होत नाही. हे मला ट्रकवर चढवल्यानंतर कळलं, आणि मी त्या अंगणात रिकाम्या जागेत जाऊन थोडा वेळ उभा राहिलो. तिथे जमिनीवर भिंतीपासून फाटकापर्यंत वीस वर्षांच्या चाकांच्या दोन लांबट खुणा आहेत. तेव्हा तुम्ही काय बघितलंत ते मला दर आठवड्याला लिहून पाठवायचं. स्वतःच्या हाताने. समिधाच्या अक्षरातलं पत्र मी उघडणार नाही. रेघा वाकड्या येऊ देत, अक्षर ओळीखाली पडू दे, चार ओळी लिहायला चार दिवस लागू देत. मी अंधाऱ्या जिन्याखाली जाळी बाजूला करून आकडे वाचणारा माणूस आहे. तुमचं वाचीन.

नारळाला दोरी बांधून ठेवा. आठ माणसं जमवा. मागे छाती लावायला एक जागा तुमची. छातीला कंप नसतो.

साहिलने इंजिन चालू केलंय. सरूबाई केबिनमध्ये मध्ये बसलीय आणि त्याला सांगतेय की ट्रक पण मागारी घ्यायचा नाही, गल्लीतून सरळ काढ. तो म्हणतोय, आजी, पुढे खाडी आहे. मला जाऊन मध्ये पडायला हवं. निघालो.